गेकोच्या पेटीसाठी घरी डिमर बनवायचाय? आधी तो बिघडल्यावर काय होईल ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेपर्ड गेकोच्या, म्हणजे पाळीव पालीच्या, काचेच्या पेटीवर १०० वॅटचा हॅलोजन बल्ब आहे, पेटी फार तापते, म्हणून ट्रायॅक (वीज झटपट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरून घरच्या घरी डिमर, म्हणजे बल्ब मंद करणारं यंत्र, बनवायचाय. सर्किट हवंय, आणि तो रात्रभर मंद चालू ठेवला तर चालेल का, हेही विचारलंय.

सर्किट अवघड नाही. सोल्डरिंगला हात बसलेला असेल तर एका दुपारचं काम. तरी मी ते देणार नाहीये, कारण माझ्या पहिल्या डिमरचं सर्किट अगदी बरोबर होतं आणि त्याच डिमरपायी माझा गेको मरता मरता वाचला.

झालं असं की डिमर तीन-चार महिने छान चालला. मग एका रात्री बल्ब उडाला. सकाळी मी नवा लावला आणि घाईघाईत कामाला गेलो. नॉब नेहमीच्या खुणेवरच होता, त्यामुळे परत बघायचं डोक्यातही आलं नाही. संध्याकाळी दार उघडलं तर पेटी लांबूनच लख्ख दिसत होती. गरम बाजूच्या फरशीवर ४७ अंश. गेको थंड टोकाला पाण्याच्या भांड्यामागे चपटा होऊन पडलेला, तोंड उघडं. नॉब पार खाली फिरवला, बल्बवर काडीचा फरक नाही.

बल्ब उडतो तेव्हा फिलामेंट तुटते आणि तुटलेल्या टोकांमध्ये क्षणभर ठिणगी उभी राहते. त्या क्षणात नेहमीच्या कितीतरी पट करंट वाहतो आणि ट्रायॅक त्यात जातो. ट्रायॅक मरताना बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे चालू स्थितीत अडकलेल्या बटणासारखा. माझा फ्यूज शाबूत होता. तो उडणार तरी कशाला? शॉर्ट झालेल्या ट्रायॅकमधून बल्बचाच करंट जात होता, फ्यूजच्या दृष्टीने सगळं ठीकच होतं.

तेव्हापासून मी हिशोब उलटा मांडतो. डिमर एक दिवस पूर्ण चालू अवस्थेत अडकणार असं धरूनच चालायचं आणि त्या दिवशीही प्राणी जगेल अशी मांडणी करायची.

त्यामुळे पहिलं काम डिमरचं नाही, बल्बचं. गेकोला तात्पुरतं दुसरीकडे हलवा. वर्षातल्या गरम दिवसांपैकी एक निवडा आणि रिकाम्या पेटीवर बल्ब डिमरशिवाय, थेट, पाच-सहा तास लावून ठेवा. मग गरम टोकापेक्षा थंड टोकाकडे जास्त लक्ष द्या. लेपर्ड गेकोला गरम लपणीच्या जमिनीवर ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजूला २४ ते २६ अंश लागतात. पूर्ण ताकदीच्या बल्बखाली गरम टोक चार-पाच अंश वर गेलं तर समजण्यासारखं आहे. पण थंड टोकसुद्धा ३० च्या वर सरकलं, तर त्या पेटीत पळून जायला जागाच उरलेली नाही. बल्ब लहान घ्या. १०० च्या जागी ७५, तरी जास्त वाटला तर ५०. अनेकांची अडचण इथेच मिटते आणि डिमरची गरज फक्त थंडी-उन्हाळ्यातला फरक सांभाळण्यापुरती उरते.

लहान बल्बचे आणखी दोन फायदे आहेत, पण त्यासाठी डिमर आतून काय करतो ते थोडं बघायला हवं.

५० हर्ट्झच्या विजेत सेकंदाला १०० अर्धलहरी येतात. डिमर प्रत्येक अर्धलहरीचा सुरुवातीचा तुकडा अडवतो आणि उरलेला पुढे सोडतो. नॉबच्या रेझिस्टन्समधून एक छोटा कपॅसिटर भरत जातो. त्यावर साधारण ३० व्होल्ट साचले की डायॅक, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला एकदम वाहू लागणारा छोटा भाग, ‘फुटतो’ (वाहू लागतो), ट्रायॅक चालू होतो आणि करंट शून्यावर येईपर्यंत चालू राहतो. नॉब जितका खाली, तितका कपॅसिटर सावकाश भरतो. आता गंमत बघा. नॉब अगदी खाली असताना आधीच्या अर्धलहरीतला चार्ज कपॅसिटरवर काहीसा उरलेला असतो, आणि तो उरलेला आहे की नाही यावर डायॅक कधी फुटणार ते ठरतं. म्हणून साध्या डिमरवर बल्ब वरून खाली आणताना अगदी मंद होतो, पण बंद करून त्याच जागी परत चालू केला तर पेटतच नाही, थोडा वर न्यावा लागतो. दिवाणखान्याच्या दिव्याला याने काही बिघडत नाही. पेटीवर मात्र असं होतं की रात्री वीज जाते, परत येते, आणि बल्ब पेटत नाही. तुम्ही झोपलेले, गेको थंडीत. मोठा बल्ब घेऊन डिमर तळाशी ठेवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. लहान बल्ब असेल तर नॉब वरच्या अर्ध्यात राहतो आणि ही कटकट उद्भवत नाही.

दुसरा फायदा प्रकाशाचा. फिलामेंट मंद केली की ती नारिंगी होते. तिची उष्णता लांब लहरींकडे सरकते, आणि त्वचेत खोलवर शिरणारा जवळचा इन्फ्रारेड कमी होतो. १०० वॅटचा बल्ब चाळीस टक्क्यांवर चालवण्यापेक्षा ५० चा बल्ब जवळजवळ पूर्ण चालवणं प्राण्याच्या दृष्टीने चांगलं ऊन आहे.

आता डिमर. माझं स्पष्ट मत, बोर्ड स्वतः बनवू नका. भिंतीवर बसवायचा तयार डिमर घ्या, ज्यावर फिलामेंट बल्बसाठी किती वॅट ते छापलेलं असतं, आणि तो बंद डब्यात बसवा. घरी बनवायचा असेल तर हा डबा बनवा, त्यातही हौस भागते. ऑनलाइन मिळणाऱ्या उघड्या बोर्डांवर भलेमोठे वॅट लिहिलेले असतात. ते वॅट बाजूला ठेवा आणि ट्रायॅकच्या पाठीवरचा धातूचा पत्रा बघा. बऱ्याच साध्या ट्रायॅकचा तो पत्रा आतून थेट मेन्सला, म्हणजे घरच्या विजेला, जोडलेला असतो. त्यावर उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची पट्टी, हीटसिंक, स्क्रूने आवळली की सगळी हीटसिंकच फेज होऊन बसते. नॉबचा दांडाही बहुधा धातूचा. वर प्लॅस्टिकची टोपी आहे तोवर ठीक, ती निघाली की बोट आणि मेन्स यांच्यामध्ये फार थोडं उरतं. शिवाय रेडिओतली खरखर थांबवायला मेन्सच्या दोन तारांमध्ये जो कपॅसिटर लागतो, तो एक्स-टू प्रकारचाच, म्हणजे मेन्सवर लावायलाच बनवलेला, हवा. दिसायला तसाच, पण साधा कपॅसिटर तिथे लावला तर तो एक दिवस शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. स्वस्त बोर्डांवर तो नसतो, किंवा असला तरी कसला आहे ते कळत नाही.

डबा जाड प्लॅस्टिकचा, सहज न पेटणारा. धातूचा असेल तर त्याला अर्थिंग हवंच. फेज आधी फ्यूजमधून, मग डिमरमधून, मग होल्डरला. न्यूट्रल मध्ये कुठेही न तोडता सरळ. अर्थिंगची तार बल्बवरच्या धातूच्या घुमटापर्यंत न्या, डब्यातच संपवू नका. स्क्रूच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला यायला हवी, आट्यांच्या कड्याला नाही. होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लॅस्टिकचा काही महिन्यांत पिवळा पडून तडकतो. होल्डरजवळची तार सिलिकॉनच्या किंवा काचतंतूच्या आवरणाची असू द्या. फ्यूज १ किंवा २ अँपिअरचा, स्लो-ब्लो, कारण थंड फिलामेंट पहिल्या क्षणी दहापटीहून जास्त करंट ओढते आणि नाजूक फ्यूज उगाच उडत राहतो.

एक चूक मीही वर्षानुवर्षं करत होतो. तारेची केसाळ टोकं सोल्डरने घट्ट करायची आणि मग स्क्रूखाली आवळायची. दिसतं एकदम नीटनेटकं, पण सोल्डर मऊ असतो. दाबाखाली हळूहळू पसरतो, स्क्रू सैल पडतो आणि जोड तापायला लागतो. वर्षभराने डबा उघडला तर तिथलं प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं. आता मी टोकाला छोटी धातूची नळी, फेरूल, दाबून बसवतो. केबल डब्यात शिरते तिथे ग्लँड, म्हणजे केबल घट्ट धरणारी कडी, लावा. आतून गाठ मारून भागवू नका.

डबा पेटीच्या झाकणावर ठेवू नका, तिथे ऊबही असते आणि ओलावाही. बाजूला ठेवा. डब्याकडे येणारी प्रत्येक केबल आधी खाली झोका घेऊन मग वर येऊ द्या, म्हणजे पेटीवर फवारलेलं पाणी तारेवरून ओघळलं तरी झोक्याच्या तळाशी टपकेल, डब्यात शिरणार नाही. हे सगळं ज्या सॉकेटवर आहे, त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा गळतीवर तुटणारा ब्रेकर हवाच. आणि नॉब शून्यावर म्हणजे वीज बंद असं कधीच समजू नका. बंद ट्रायॅकमधूनही थोडी गळती होते आणि होल्डरमध्ये झटका बसतो. बल्ब बदलताना प्लग काढा.

पहिल्यांदा मेन्सला लावताना ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. जोडणीत शॉर्ट असेल तर तो बल्ब लख्ख पेटेल आणि स्फोटाऐवजी नुसता उजेड मिळेल.

यानंतरही अर्धं काम बाकी आहे, कारण डिमरला तापमान कळत नाही. तो ठरावीक ताकद देत राहतो. खोली पाच अंशांनी तापली की पेटीही जवळजवळ तेवढीच तापते. म्हणून डिमरच्या आधी साधा चालू-बंद थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज तोडणारं यंत्र, लावा. क्रम असा: सॉकेट, थर्मोस्टॅट, डिमर, बल्ब. उलटं केलंत तर थर्मोस्टॅटच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सला कापलेली वीज मिळेल आणि तो भरकटेल. डिमरने गरम जागा ३२ वर आणा, थर्मोस्टॅट ३५ वर ठेवा. रोजच्या कामात थर्मोस्टॅट जवळजवळ झोपलेला असेल, त्यामुळे बल्ब सारखा चालू-बंद होऊन गेकोच्या डोळ्यांना त्रास नाही. ट्रायॅक शॉर्ट झाला तर थर्मोस्टॅट जागा होईल. आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर निसटून थंड कोपऱ्यात पडला, तर डिमर वरची मर्यादा धरून ठेवेल. सेन्सर प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधा, चिकटपट्टीने नाही. पेटीत सुटलेली चिकटपट्टी आणि गेकोची कातडी यांची गाठ पडली की सोडवताना जीव नकोसा होतो. तयार डिमिंग थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब स्वतःच मंद-तेज करणारा) मिळाला तर तो एकटाच लावा, त्याच्यापुढे दुसरा डिमर नको.

खुणा करताना घाई नको. नॉब हलवला की दोन-तीन तास थांबा, मग जमिनीचं तापमान मोजा. मल्टिमीटरने व्होल्टेज मोजत बसू नका. कापलेल्या लहरीवर साधा मीटर चुकीचा आकडा दाखवतो, आणि गेकोला व्होल्टशी काही देणंघेणं नाही. योग्य जागा सापडली की नॉबवर रंगाचा ठिपका द्या.

अतिनील ट्यूब, मर्क्युरी व्हेपर बल्ब आणि एलईडी या डिमरवर लावू नका. सात-दहा वॅटची हीट मॅटही नको. बऱ्याच डिमरना तेवढा कमी लोड पेलत नाही, शिवाय मॅटला थर्मोस्टॅटच योग्य.

राहिला रात्रीचा प्रश्न. बल्ब रात्री मंद ठेवू नका, बंदच करा. लेपर्ड गेकोला रात्रीचा गारवा चालतो, उजेड नको असतो. खोली १८ अंशांच्या खाली जात असेल तर सिरॅमिक हीटर वेगळ्या होल्डरवर, स्वतःच्या पल्स थर्मोस्टॅटसह (हीटरला वीज छोट्या-छोट्या तुकड्यांत देणारा) आणि भोवती जाळीचा पिंजरा लावून बसवा. तो डिमरवरही चालतो, पण त्याला उजेड नसतो. माझी पेटी निदान लांबून लख्ख दिसली म्हणून कळलं. सिरॅमिक हीटर पूर्ण ताकदीत अडकला तर दारातून काहीच दिसणार नाही.