वाचकांचे प्रश्न : आंतरराष्ट्रीय राजकारणात पीएचडी

प्रश्न : राज्यशास्त्रात एम.ए. झाले, ५८ टक्के आहेत. भारताच्या परराष्ट्र धोरणावर पीएचडी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ५५ टक्क्यांची अट तुम्ही पार केली आहे. आता नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्या. जून २०२४पासून नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश मिळू शकतो. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) नसलेल्यांच्या यादीत नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते. हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, म्हणून निकालाआधीच संशोधनाचा आराखडा तयार हवा.

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो विषयापाशी. 'भारत-चीन संबंध' हा विषय नव्हे, ते अख्खे कपाट आहे. '१९८८ ते १९९३ : सीमावाटाघाटी आणि संसदेतील चर्चा' असे काही मांडा. काळ ठरला, साधने ठरली. १९८८मध्ये राजीव गांधी बीजिंगला गेले, १९९३मध्ये प्रत्यक्ष ताबारेषेवर शांततेचा करार झाला. या दोन टोकांमध्ये संसदेत कोणी काय विचारले, हे छापील कामकाजात सापडते. सरकारी फायलींवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. पंचवीस वर्षे उलटली तरी सीमेची कागदपत्रे सहज हाती येत नाहीत. तिसऱ्या वर्षी विषय बदलावा लागणे फार महागात पडते.

मार्गदर्शकाकडे जागा आहे का, तेही आधी विचारा. प्राध्यापकाला एकावेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात.