मनगटावरचे वळ आणि केसपेपरवरची नोंद

प्रश्न : माझा भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्याला दारूचे व्यसन आहे आणि वर्षभरापासून कानात आवाज ऐकू येतात. गेल्या महिन्यात आम्ही त्याला पनवेलच्या पुढे एका खाजगी केंद्रात दाखल केले. दाखल्याच्या कागदावर वडिलांनी सही केली. पहिले १५ दिवस भेटही नाही आणि फोनही नाही, असा तिथला नियम होता. सोळाव्या दिवशी आई भेटायला गेली, तेव्हा त्याच्या दोन्ही मनगटांवर वळ होते. विचारल्यावर, "रात्री ड्यूटीवर एकच माणूस असतो, बांधावेच लागते," असे सांगण्यात आले. रोज सकाळी त्याला स्वयंपाकघरात कांदे सोलायला बसवतात. तक्रार केली तर त्याचा राग भावावर निघेल, अशी भीती वाटते. आम्ही काय करावे?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : केंद्राने आपल्याला जे कारण सांगितले, नेमके तेच कारण कायद्याने अमान्य केले आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९७ नुसार रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि तो टाळण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल, तरच रुग्णाला बांधता येते. त्यासाठी उपचारांची जबाबदारी असलेल्या मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते आणि गरजेपेक्षा एक क्षणही जास्त बांधून ठेवता येत नाही. कर्मचारी अपुरे आहेत म्हणून किंवा शिक्षा म्हणून बांधणे बेकायदेशीर आहे. साखळीने बांधण्यास तर कोणत्याही परिस्थितीत मनाई आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेल्या २८ रुग्णांना जागचे हलताही आले नाही. ही मनाई वाचताना ती माणसे डोळ्यांपुढून जात नाहीत.

म्हणून सर्वप्रथम भावाचा केसपेपर पाहा. रुग्णाला कसे बांधले, का बांधले आणि किती वेळ बांधले, याची नोंद त्यावर लगेच व्हावी लागते, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवावे लागते आणि असा प्रत्येक प्रसंग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (रुग्णांच्या हक्कांविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या, याच कायद्याखालच्या मंडळाला) दरमहा पाठवायच्या अहवालात यावा लागतो. प्रतिनिधी म्हणजे भावाने स्वतः लिहून नेमलेली व्यक्ती. तशी नेमणूक नसेल, तर नातेवाईकाला ही भूमिका घेता येते. आपले उपचारविषयक कागद मागण्याचा हक्क भावाला आहे आणि निदान व उपचारांची माहिती विचारण्याचा अधिकार प्रतिनिधीला आहे. मनगटावर वळ आहेत आणि केसपेपर कोरा आहे, असे आढळले, तर आपली तक्रार तिथेच निम्मी सिद्ध होते.

त्यानंतर दाखल्याचा कागद नीट वाचा, कारण पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. प्रौढ रुग्ण स्वतःच्या इच्छेने दाखल झाला असेल, तर सही त्याची स्वतःची हवी आणि त्याने घरी जायचे म्हटल्यावर त्याला सोडावे लागते. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येते. आजार तीव्र असल्यामुळे त्याला स्वतः निर्णय घेता येत नसेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येते. मात्र त्यासाठी दोन तज्ज्ञांनी, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ, त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते, ही मुदत ३० दिवसांपर्यंतच असते आणि मंडळाला सात दिवसांच्या आत कळवावे लागते. वडिलांची सही आहे, पण दोन तपासण्या झालेल्या नाहीत, असा दाखला कायद्यात बसत नाही. आपले वडील चुकले, असे मी म्हणत नाही. त्या घटकेला समोर आलेल्या कागदावर कोणताही बाप सही करील.

भेटीच्या आणि फोनच्या वेळा केंद्राला ठरवता येतात, परंतु रुग्णाचा बाहेरच्या जगाशी संबंधच तोडता येत नाही. कांदे सोलण्याचे काम त्याच्यावर सक्तीने लादता येत नाही. त्याने काम केलेच, तर त्याचा योग्य मोबदला द्यावा लागतो. व्यसनाशी निगडित मानसिक विकार या कायद्यात येतात, त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला "आमचे फक्त व्यसनमुक्ती केंद्र आहे" असे म्हणून नोंदणी टाळता येत नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे. आपल्याकडे घरची माणसे बाग, जेवण आणि वातानुकूलित खोली पाहून केंद्र निवडतात. माझ्या मते रात्री ड्यूटीवर किती माणसे असतात, हा एकच प्रश्न त्याहून अधिक काही सांगून जातो.

भीतीविषयी सांगायचे, तर मंडळाकडे अर्ज करण्यास शुल्क नाही आणि ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो. वळांचे तारखेसह फोटो घ्या, भावाला काय हवे ते आईने त्यालाच एकांतात विचारावे, आणि त्याला तिथे राहायचे नसेल, तर आधी दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञाची वेळ ठरवून मग त्याला हलवा. चालू औषधे मध्येच बंद पडू देऊ नका. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

प्रश्न : माझ्या पत्नीला तीव्र नैराश्य आहे. डॉक्टरांनी शॉक देण्याचा सल्ला दिला आहे. हा उपचार सुरक्षित असतो का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तीव्र नैराश्यात हा उपचार गुणकारी ठरतो आणि योग्य पद्धतीने दिल्यास सुरक्षितही असतो. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय तो देण्यास मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम ९५ नुसार बंदी आहे. काही काळ विस्मरण जाणवू शकते. त्याविषयी डॉक्टरांनी पत्नीशी आधी बोललेले असावे आणि तिची लेखी संमती घेतलेली असावी. भूलतज्ज्ञ कोण आहेत, भूल देण्यापूर्वीच्या तपासण्या झाल्या का, आणि उपचारानंतर शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कोण थांबेल, हे तीन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारा.