दुकानात मऊ, ड्युटीवर दगड

पायताणांच्या धंद्यात माझी एकतीस वर्षं गेली, तीही मिरजेत. इथं दर दुसऱ्या गल्लीत दवाखाना, त्यामुळं माझं निम्मं गिऱ्हाईक म्हणजे सिस्टर, ब्रदर, मावशी आणि वॉर्डबॉय. उभ्यानं नोकरी करणाऱ्यांची पत्रं संपादकांनी माझ्याकडं धाडली, ती त्यामुळंच. मी डॉक्टर नाही. जिथं डॉक्टर लागेल तिथं तसं सांगेन.

प्रश्न : मी खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. बारा तासांची ड्युटी असते. चार महिन्यांपूर्वी मेमरी फोमचे बूट घेतले. दुकानात पाय घातला तेव्हा गादीवर उभं राहिल्यासारखं वाटलं होतं. आता दुपारनंतर तळपाय जळजळतात आणि सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते. बूट बदलू की डॉक्टरांना दाखवू? (सांगली)

सिस्टर, दोन्ही करा, पण आधी डॉक्टर. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली जाड पट्टा असतो. तो दुखावला की सकाळचं पहिलं पाऊल असं कळ काढतं आणि थोडं चालल्यावर बरं वाटतं. मलाही २०१६ साली हेच झालं होतं. दिवसभर स्वतः सपाट स्लीपर घालून मी लोकांना चांगले बूट विकत होतो, आता बोला! फिजिओथेरपिस्ट बाईंनी पलंगावरून उतरायच्या आधी चवड्याला टॉवेल अडकवून बोटं स्वतःकडं ओढायला लावली, तीस आकडे मोजेपर्यंत, तीन वेळा. शिवाय पोटरीचे ताण. सात महिने लागले, पण टाच सुटली. तुमची जळजळ मात्र बूट बदलूनही राहिली तर साखर आणि बी-१२ तपासून घ्या, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता बुटाचं. मेमरी फोम पायाच्या उबेनं आणि वजनानं दबतो, म्हणून दोन मिनिटांत पायाला लाडीगोडी लावतो. पण दहा-बारा तास वजन सोसून तो चपटा झाला की टाच थेट खालच्या टणक सोलवर येते. वर तो ऊबही धरून ठेवतो. दुकानात गिऱ्हाईक पहिल्यांदा काय करतं, तर बुटात अंगठा दाबून बघतं आणि म्हणतं, ‘कसलं मऊ आहे!’ अहो, अंगठ्याला थोडंच ड्युटीवर जायचंय?

बूट असा बघा. मागून टाचेची वाटी चिमटीत दाबा, ती सहज चेपली तर बूट खाली ठेवा. मग टाच आणि टोक धरून वाकवा. बूट चवड्यापाशी मुडपला पाहिजे, कारण पाऊल तिथंच मुडपतं. मधोमध घडी पडत असेल तर त्याला कणा नाही. ओला फडका पिळतो तसा पिळून बघा, सहज पिळला जात असेल तरी नको. सोल बहुतेक दोन प्रकारच्या फोमचे असतात, ईव्हीए आणि पीयू. ईव्हीए हलकं असतं पण लवकर दबून बसतं. पीयू थोडं जड, पण रोजच्या वापरात जास्त टिकतं. बारा तासांच्या ड्युटीला मी पीयूच देतो. टाच चवड्यापेक्षा बोटभर उंच असली तर बरं, अगदी सपाट नको. आणि फरशी ओली असते, तेव्हा तळाला खोल नक्षी हवीच.

पण माझ्या मते तुमचा खरा घोटाळा रुंदीचा असेल. माझे वडील पायताणं बांधायचे. गिऱ्हाईक आलं की त्याला उभं करून कागदावर पाय ठेवायला सांगायचे आणि पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड काढायचे. तसंच तुम्ही करा, ड्युटी संपवून घरी आल्यावर, कारण संध्याकाळी पाय सुजून थोडा मोठा झालेला असतो. दोन्ही पायांची कड काढा, ते क्वचितच सारखे निघतात. मग बुटातला सुखतळा, म्हणजे आतला सुटा तळ, उपसून त्या आकृतीवर ठेवा. परवा एका सिस्टरच्या कागदावर करंगळीची रेघ सुखतळ्याच्या बाहेर चांगली पेन्सिलभर गेली होती. बाई आठ वर्षं सहा नंबर घालत होत्या. त्यांना लांबी नको होती, पंजाला जागा हवी होती. सात नंबर घेतला असता तर टाच मागं सटकली असती, म्हणून सहाचाच रुंद साचा शोधून दिला. पुढं अंगठ्याच्या नखापासून बोटभर जागा हवी, ती मात्र उभं राहून मोजायची.

नंबरावर फार विसंबू नका. आपल्याकडं चालतो तो इंग्लंडचा नंबर, त्यात एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपच्या नंबरात तो साडेसहा-सात मिलिमीटरच. एकाच खोक्यावर दोन्ही छापले की ते तंतोतंत जुळत नाहीत. त्यात हे साचे आपल्या पायांवरून घेतलेलेच नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरातल्या लाखभर लोकांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय रुंद असल्याचं दिसलं. भारतीय मापाला त्यांनी ‘भ’ असं नावही ठेवलंय. वडिलांना हे एका कागदावर कळत होतं, पण असो.

चार महिने वापरलेल्या जोडाचे पैसे कुणी परत देणार नाही. तो बाजारहाटाला ठेवा. नवे दोन जोड घ्या, स्वस्तातले चालतील, आणि आलटून पालटून घाला. बुटातला घाम वाळायला पुरता एक दिवस लागतो.

प्रश्न : माझं पोळीभाजी केंद्र आहे. ओट्याशी रोज सात तास उभी असते. घरात चप्पल घालायची नाही अशी सासूबाईंची शिस्त, त्यामुळं अनवाणीच. कंबर आणि टाचा भरून येतात. मला मधुमेहही आहे. (डोंबिवली)

ताई, मधुमेहाचं तुम्ही शेवटी लिहिलंत, मी ते पहिलं धरतो. मधुमेहात पायाची जाणीव कमी होऊ शकते. गरम तेलाचा थेंब, काचेचा बारीक तुकडा, काहीही कळत नाही आणि जखम चिघळते. अनवाणी राहू नका, आणि रोज रात्री तळपाय आरशात बघा.

सासूबाईंना म्हणावं, ही चप्पल बाहेर जाणारच नाही. ओट्यापुरतीच ठेवा आणि रोज धुऊन वाळवा. मागं पट्टा आणि पुढून बंद, अशी धुता येणारी सॅंडल घ्या. अंगठ्याची स्लीपर नको. ती पडू नये म्हणून बोटं दिवसभर आवळून धरावी लागतात आणि पाय त्यानंच थकतो.

कमरेसाठी बूट पुरणार नाहीत. ओट्याखाली देवघरातला नव्हे, जेवायला बसायचा लाकडी पाट ठेवा. एक पाय पाटावर, एक खाली, आणि दर पंधरा-वीस पोळ्यांनी पाय बदला. उभं राहायच्या जागी जाड रबरी मॅट टाका. गोणपाट घातलात तर ते सरकणार नाही असं बघा. पोळ्या लाटायचं काम निदान निम्मं तरी उंच स्टुलावर बसून होतं की नाही, करून बघा.

प्रश्न : मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. काळी बेली (बिनपट्ट्याचा सपाट बूट) घालायची सक्ती आणि बसायला बंदी. अंगठ्याच्या बाजूचं हाड वर आलंय. (पुणे)

बेली पायावर फक्त दोन ठिकाणी टिकते, बोटांच्या वर आणि टाचेच्या मागं. मधे तिला पायाचा काही आधार नाही. ती पडू नये म्हणून अरुंद घेतात, मग हाड दबतं. सक्ती काळ्या रंगाची आहे की बेलीचीच, हे साहेबांना एकदा विचारा. बहुतेक ठिकाणी रंगावर भागतं. पायावर पट्टा असलेला, पुढून गोल, काळा साधा बूट लांबून कुणाच्या डोळ्यात येत नाही. हाड फार दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडं जा. बुटानं ते मागं जाणार नाही, वाढायचं कमी होईल इतकंच.

बसण्याविषयी. केरळनं २०१८ साली आणि तमिळनाडूनं २०२१ साली दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायची असा कायदाच केला. त्यासाठी केरळात साड्यांच्या दुकानातल्या बायका भांडल्या होत्या. तुम्ही चौघीजणी मिळून एक स्टूल मागून बघा. एकटीनं मागितलं तर कामचुकार म्हणतील.

प्रश्न : फाउंड्रीत आहे. कंपनीनं दिलेला सेफ्टी शू घट्ट होतो. वापरून सैल होईल का? (कुपवाड)

कातडं सैल होईल, आतली लोखंडी टोपी जन्मात होणार नाही. स्टोअरवाल्याकडून आजच एक नंबर मोठा घ्या, आणि जाड मोजे घालूनच मापून बघा. वैतागून बाहेरून स्वस्तातला आणणार असाल तर आयएसआय खूण आणि आयएस १५२९८ हा सेफ्टी शूच्या मानकाचा आकडा बघितल्याशिवाय नको. टोपी काढून टाकायचा सल्ला मित्र देतील, त्यांच्या पायावर काही पडणार नसतं.

प्रश्न : शाळेत दिवसभर उभी राहून शिकवते. चांगले महागाचे बूट घेतले आणि जपून ठेवले, वर्षातून चार-पाच वेळाच घातले. स्नेहसंमेलनात स्टेजवर सोलचे अक्षरशः चुरमुरे झाले. फसवलं का मला? (रत्नागिरी)

बाई, फसवलं नाही, तुम्ही जपत बसलात आणि ते न वापरताच गेले. पीयूचा सोल हवेतल्या ओलीनं आतून कुजतो, घाला नाहीतर कपाटात ठेवा. रत्नागिरीच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. वर चकचकीत दिसतो आणि एक दिवस भाकरीसारखा कुस्करतो. माझ्याच गोदामातले अकरा जोड असे गेलेत. सेलमध्ये घेताना खोक्यावर छापलेला महिना-वर्ष वाचा; तीन-चार वर्षं जुना माल असेल तर फुकट दिला तरी नको. वरचं कातडं शाबूत असेल तर नवा सोल लावून मिळतो, ते करा, आणि यंदा ते बूट रोज शाळेत घाला.