हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

नौपाड्यातल्या एका ताईंनी विचारलंय : मुलाने निबंधात लिहिलं, ‘द फर्स्ट ट्रेन जर्नी टु ठाणे वॉज हिस्टॉरिकल.’ बाईंनी शेवटचा ‘अल’ खोडून ‘हिस्टॉरिक’ केलं. दोन्हींचा अर्थ ‘ऐतिहासिक’च, मग त्याचं चुकलं कुठे?

ताई, व्याकरणात काहीच चुकलेलं नाही. पण त्याला म्हणायचं होतं ते त्या शब्दातून पोचत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी सुमारे ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली आणि या देशात प्रवासी रेल्वे सुरू झाली. ज्या घटनेने इतिहासाला वळण मिळतं, ती ‘हिस्टॉरिक’. ‘हिस्टॉरिकल’मध्ये हा गौरव नसतो. इतिहासाविषयीचं, इतिहासकाळातलं, एवढंच तो सांगतो. त्या दिवसाचं वेळापत्रक कुणाला सापडलं, तर तो ‘हिस्टॉरिकल’ कागद.

‘हिस्टॉरिकल’ला आणखी एक छटा आहे आणि मला ती फार मोलाची वाटते : खरोखर होऊन गेलेला, दंतकथेतला नव्हे. ठाणे म्हणजे शिलाहारांचं श्रीस्थानक. याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिणारा शिलाहार राजा अपरादित्य हा ‘हिस्टॉरिकल फिगर’ आहे असं म्हटलं, की तो थोर होता की नव्हता यावर आपण काही बोललेलो नसतो. तो होता, एवढंच म्हटलेलं असतं. आपला ‘ऐतिहासिक’ ही सगळी कामं एकटा करतो. ऐतिहासिक निर्णय, ऐतिहासिक नाटक, ऐतिहासिक पुरुष. नेमका अर्थ पुढच्या नामावरून आपल्याला आपोआप कळतो, म्हणून इंग्रजी लिहिताना दोन शब्दांतून एक निवडायचा आहे हे ध्यानातच येत नाही. निवडताना ‘ऐतिहासिक’ बाजूला ठेवून ‘इतिहासात गाजावं असं’ आणि ‘इतिहासाविषयीचं’ हे दोन्ही वाक्यात घालून पाहा. पहिलं चपखल बसलं तर ‘हिस्टॉरिक’.

‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ ही जोडी मराठीत सोपी आहे, कारण आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत : आर्थिक आणि किफायतशीर. नवी मुंबईच्या संदर्भात ऐकलेला ‘स्पेशल इकॉनॉमिक झोन’ हा आर्थिक क्षेत्राचा प्रकार. ठाण्याहून वाशीला टॅक्सीऐवजी लोकलने जाणं ‘इकॉनॉमिकल’. ‘इलेक्ट्रिक’ साधारणपणे विजेवर चालणाऱ्या वस्तूला लावतात, आणि विजेशी संबंधित विद्या किंवा काम असेल तर ‘इलेक्ट्रिकल’ : इलेक्ट्रिक गाडी, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग.

खरी गंमत ‘क्लासिक’ आणि ‘क्लासिकल’मध्ये आहे. गडकरी रंगायतनमध्ये ख्याल गायनाची मैफल झाली, तर ते ‘क्लासिकल’ संगीत. ते रंगलं नाही तरी क्लासिकलच, कारण हा शब्द परंपरा सांगतो, दर्जा नाही. दर्जा सांगतो तो ‘क्लासिक’ : आपल्या प्रकारातला उत्तम, काळावर टिकलेला. त्यामुळे एखादं चित्रपटगीतही ‘क्लासिक’ ठरू शकतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचं इंग्रजी ‘क्लासिकल लँग्वेज’ आहे, ‘क्लासिक’ नव्हे. मराठीत मात्र ‘अभिजात’ भाषेलाही म्हणतो आणि उत्तम कादंबरीलाही. संगीताच्या ‘क्लासिकल’ला आपण ‘शास्त्रीय’ म्हणतो, आणि तोच ‘शास्त्रीय’ विज्ञानाच्या संदर्भात ‘सायंटिफिक’ होतो. म्हणून शब्दकोशातला एकच प्रतिशब्द पाहून थांबू नये. सोबतची उदाहरणं वाचावीत, अर्थ तिथे उलगडतो.

एका जागी मुलाला निवड करावीच लागणार नाही. क्रियाविशेषणात या जोड्यांचा भेद पुसला जातो : हिस्टॉरिकली, इकॉनॉमिकली, क्लासिकली, मूळ शब्द कोणताही असो. ‘इक’ने संपणाऱ्या बहुतेक विशेषणांना असंच ‘अली’ लागतं. ‘पब्लिक’ मात्र अपवाद. त्याचं स्पेलिंग लिहिताना मध्ये ‘अल’ घालायचा नाही, सरळ ‘ली’ जोडायचा.