ग्रामपंचायतीत फायबर आली, मग घरी का येत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे पंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची, पेटी बसलेली आहे, मोबाइलला तीन कंपन्यांची रेंज येते, मग घरी वायरचं इंटरनेट द्यायला कोणीच का तयार नाही? आणि ट्रायकडे, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तक्रार केली तर काही होईल का?

भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यात फायबर ओढायचं आणि जोडायचं काम करतो. तालुक्याच्या गावात एक किलोमीटर केबल टाकली की वाटेत शेदोनशे घरं लागतात. तुमच्या गावाकडे यायचं तर कितीतरी किलोमीटर नुसती वावरंच. गावात पोचल्यावर दरमहा पैसे भरतील अशी घरं पंधरावीस. खर्च केबलच्या लांबीवर होतो, कमाई घरांवर. म्हणून एखादा केबलवाला कसाबसा येतो आणि दुसरा कधीच येत नाही. एकटाच असला की तो म्हणेल तो दर आणि तो म्हणेल तेव्हा दुरुस्ती.

आपण ज्या स्पर्धेबद्दल ऐकतो ती मोबाइलची आहे. देशात ब्रॉडबँडचे ग्राहक ९० कोटींच्या वर मोजले जातात, त्यात तारेवरचे ५ कोटीही नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि खेड्यापाड्यात इंटरनेट पोचलं, हे खरंच. पण त्याच ओढाताणीत एअरसेल बुडाली, २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आता खाजगी तीन आणि बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. ट्राय हे दर ठरवत नाही. कंपनी ठरवते आणि ट्रायला कळवते.

भारतनेटचा मला खरा राग आहे, कारण तो पैसा तुमचाआमचा आहे. टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातले ५ टक्के खेड्यांसाठीच्या सरकारी निधीत जातात, म्हणजे प्रत्येक रिचार्जमधून काही पैसे तिकडे वळतात. योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तेव्हा नाव वेगळं होतं. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून पंचायतीपर्यंत एकेरी फायबर टाकली. रस्ता रुंदीकरणात जेसीबीनं ती एका जागी तोडली की पुढची गावं बंद. विजेच्या खांबांवरून नेलेली केबल मे महिन्यातल्या वादळात पडते, नाहीतर माकडं तिला लोंबकळतात. केबल शाबूत असली तरी पंचायतीत वीज नाही, बॅटरी उतरलेली, ऑफिसला कुलूप, अशा कारणांनी पेटी मुकीच राहते. पेटी बसली म्हणजे गाव जोडलं अशी कागदावर नोंद होते, ती चालू आहे की नाही हे गावाला कोणी सांगत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये १.३९ लाख कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात केबल रिंगमध्ये टाकायची आहे, एका बाजूनं तुटली तरी दुसरीकडून चालावी म्हणून. हे आधीच व्हायला हवं होतं.

तक्रारीबद्दल. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीकडे तक्रार करून नंबर घ्यायचा, मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार वायरच्या कनेक्शनमधला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भाड्यात सूट मिळायला हवी. पण हे सगळं कनेक्शन असलेल्यासाठी. ज्याच्या घरी वायरच नाही त्याला यातलं काहीच लागू होत नाही, आणि माझ्या मते नियमनातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. ई-पीक पाहणी मोबाइलवर, कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, विकायचा तर नोंदणी कपास किसान ॲपवर, पीकविम्याचा अर्ज ऑनलाइन. सरकारच कास्तकाराला इंटरनेटशिवाय दारात उभं करत नसेल, तर कोणत्या पंचायतीची लाइन किती दिवस चालली हे गावनिहाय जाहीर करायला सरकारला भाग पाडलं पाहिजे.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. जवळच्या टॉवरवर फाइव्ह-जी असेल तर आधी एअरफायबर मिळतं का ते विचारा. त्याला केबल लागत नाही, छतावर एक डबा बसतो. नसेल तर महिन्याला पैसे भरायला तयार असलेल्या घरांची सह्यांसकट यादी करा आणि ती बीएसएनएलच्या तालुका ऑफिसात द्या. भारतनेटवरून घरोघरी कनेक्शन देण्यासाठी ते स्थानिक उद्यमी नेमतात. तीच यादी जवळच्या केबलवाल्यालाही दाखवा. वीसच्या जागी चाळीस नावं दिसली तर तो गाडी काढून बघायला येतो, हे मी पाहिलेलं आहे. खांबांना परवानगी देणारा ठराव ग्रामसभेत आधीच करून ठेवा, नाहीतर तो आल्यावर काम तिथेच अडतं.