वायरलेस स्विच: ॲडमिनचे दार आणि देखरेख
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न: आमचे सगळे ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारी यंत्रे) एका वायरलेस स्विचवर (त्यांचे नियंत्रण करणाऱ्या मध्यवर्ती यंत्रावर) चालतात. पाहुण्यांच्या वायफायला जोडलेल्या मोबाइलमध्येही स्विचचे ॲडमिन लॉगिन पान उघडते. व्यवस्थापनासाठी वेगळे व्हीएलॅन (त्याच जाळ्यातला स्वतंत्र कप्पा) केले, तरी फरक पडला नाही. आपण स्वतःच बाहेर अडकणार नाही अशा बेताने हे कसे बंद करावे?

उत्तर: वेगळे व्हीएलॅन केलेत ते योग्यच, पण त्याने हे दार बंद होत नाही. पाहुण्यांच्या व्हीएलॅनमध्येही स्विचला स्वतःचा आयपी पत्ता असतो, बहुधा गेटवे (त्या व्हीएलॅनमधून बाहेर जाण्याची वाट) म्हणून. वेब, टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी, एन्क्रिप्शन नसलेली सोय), एसएसएच (तीच सोय, पण एन्क्रिप्टेड) या सेवा सहसा स्विचच्या प्रत्येक पत्त्यावर चालू असतात. त्यामुळे मोबाइलला व्यवस्थापनाच्या व्हीएलॅनपर्यंत पोहोचावेच लागत नाही. कुठून आलेल्याला आत घ्यायचे, ते त्या सेवांवरच ठरवून द्यावे लागते.

आधी कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी तार) जोडा. हे काम वायफायवरच्या लॅपटॉपवरून करू नका, कारण मध्येच तुमचीच जोडणी तुटेल. कन्सोलचा वेग बहुधा ९६०० असतो, काही स्विचवर १९२०० किंवा ११५२००. ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. पडद्यावर अगम्य चिन्हे आली, तर वेग चुकला. मजकूर नीट दिसतो पण टाइप केलेले काहीच पोहोचत नाही, तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिले आहे का ते आधी पाहा.

मग सध्याच्या कॉन्फिगरेशनची प्रत स्विचबाहेर घ्या. ठरावीक वेळाने आपोआप रीबूट करण्याची सोय असेल तर १० मिनिटांचा रीबूट लावून ठेवा आणि तपासणी होईपर्यंत बदल सेव्ह करू नका. अडकलात, तर स्विच जुन्या सेटिंगसह परत येईल. सगळे जमले की रीबूट रद्द करून मगच सेव्ह करा. मात्र काही स्विचच्या वेब पानावर ‘अप्लाय’ दाबताच बदल कायमचे सेव्ह होतात. तिथे हा उपाय चालणार नाही.

त्यानंतर २०४८ बिटांची आरएसए की तयार करून एसएसएच चालू करा आणि जुनी खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहा. एचटीटीपीएसही तसेच तपासा. दोन्ही चालले, की मगच टेलनेट (पोर्ट २३) आणि ॲडमिनचे साधे एचटीटीपी (पोर्ट ८०) बंद करा. हा क्रम उलटा करणारेच बहुधा बाहेर राहतात.

शेवटी ॲक्सेस लिस्ट, म्हणजे कोणत्या पत्त्यांना आत घ्यायचे याची यादी. समजा व्यवस्थापनाचे जाळे १०.१०.९९.०/२४ आहे. काही स्विच इथे २५५.२५५.२५५.० असा सबनेट मास्क मागतात, तर काही ०.०.०.२५५ असा वाइल्डकार्ड मास्क (यात ० म्हणजे तो आकडा जुळलाच पाहिजे, २५५ म्हणजे कोणताही चालेल). वाइल्डकार्डच्या जागी २५५.२५५.२५५.० लिहिले, तर त्याचा अर्थ ‘शेवटचा आकडा ० असलेला कोणताही पत्ता’ असा होतो. संगणकाला असा पत्ता सहसा नसतोच. यादीच्या तळाशी न लिहिलेला ‘बाकी सगळ्यांना मनाई’ हा नियम असतो, म्हणून सगळेच बाहेर राहतात.

ही यादी व्यवस्थापनाच्या सेवेला लावा, पाहुण्यांच्या संपूर्ण व्हीएलॅनला नाही. पाहुण्यांचे स्वागत पान, डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा) किंवा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) हाच स्विच पुरवत असेल, तर व्हीएलॅनवर लावलेल्या मनाईने तेही बंद पडेल. ॲक्सेस पॉइंट असलेल्या व्हीएलॅनवर अशीच मनाई लावली, तर कॅपवॅपचे (ॲक्सेस पॉइंट आणि स्विच यांच्यातल्या संवादाच्या प्रोटोकॉलचे) यूडीपी पोर्ट ५२४६ आणि ५२४७ अडतात आणि ॲक्सेस पॉइंट एकेक करून स्विचपासून तुटतात.

प्रश्न: एसएनएमपीवरून (जाळ्यातल्या यंत्रांच्या देखरेखीच्या प्रोटोकॉलवरून) दर ५ मिनिटांनी अपलिंकची (स्विचला मुख्य जाळ्याशी जोडणाऱ्या लिंकची) नोंद घेतो. वापर सर्वाधिक असतो नेमका तेव्हाच आलेख खाली येतो. स्विच बिघडला आहे का?

उत्तर: स्विच ठीक असावा, मोजणी अपुरी पडते आहे. ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की पुन्हा शून्यावर येतो. लिंक १०० मेगाबिटवर पूर्ण भरली तरी याला सुमारे ५ मिनिटे ४३ सेकंद लागतात, म्हणून जुन्या जाळ्यावर चूक दिसली नसेल. १ गिगाबिटवर तेच ३४ सेकंदांत होते. दोन नोंदींच्या मध्ये काउंटर अनेकदा शून्यावर आला, तरी देखरेखीच्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही. ६४ बिटांचे काउंटर निवडा. ते एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत येत नाहीत, २सी किंवा ३ हवी.

२सी वापरत असाल, तर ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ ही कम्युनिटी स्ट्रिंगची (पासवर्डसारख्या शब्दाची) नावे आधी काढा. कम्युनिटी स्ट्रिंग जाळ्यावर उघडीच जाते, म्हणून तिला फक्त वाचनाचा अधिकार द्या आणि यूडीपी १६१ देखरेखीच्या सर्व्हरपुरताच मोकळा ठेवा. आमचा आग्रह आवृत्ती ३ चा, ओळख-पडताळणी आणि एन्क्रिप्शन दोन्ही चालू ठेवून.

प्रश्न: स्विच बदलला, जुने कॉन्फिगरेशन जसेच्या तसे टाकले. बाकी सगळे चालते, पण एसएनएमपी ३ चा वापरकर्ता नाकारला जातो. पासवर्ड तोच आहे.

उत्तर: पासवर्ड तोच, इंजिन आयडी (एसएनएमपीमधली यंत्राची ओळख) वेगळा. आवृत्ती ३ मध्ये पासवर्डपासून केलेली की त्या यंत्राच्या इंजिन आयडीशी बांधलेली असते आणि हा आयडी अनेकदा मॅक पत्त्यावरून बनतो. वापरकर्ता काढून नव्याने तयार करा. जुना स्विच दुसरीकडे चालू असेल, तर त्याचा आयडी नव्याला देऊ नका. दोन यंत्रांची वेळ-मोजणी एकमेकांत मिसळते आणि १५० सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला, की संदेश नाकारले जातात.

प्रश्न: ट्रॅप (स्विच आपणहून पाठवतो ते एसएनएमपी संदेश) इतके येतात की कोणी वाचत नाही. ॲक्सेस पॉइंट बंद पडल्याचा संदेश मात्र पोहोचलाच नाही.

उत्तर: मोबाइल जोडला-सुटला याचे ट्रॅप बंद करा. ॲक्सेस पॉइंट तुटणे, रेडिओ बंद होणे, अपलिंक पडणे, लॉगिन फसणे एवढे ठेवा. ट्रॅप यूडीपी १६२ वर जातो आणि त्याची पोच येत नाही. अपलिंक पडली असेल तर तो वाटेतच हरवतो. सोय असेल तिथे ट्रॅपऐवजी इन्फॉर्म निवडा, पोच मिळेपर्यंत तो ठरलेल्या वेळा पुन्हा पाठवला जातो. शिवाय जोडलेल्या ॲक्सेस पॉइंटची संख्या सर्व्हरने दर मिनिटाला स्वतः विचारावी.

सिसलॉगची (स्विचच्या घटना-नोंदींची) पातळी ४ ठेवा, म्हणजे इशारे आणि त्याहून गंभीर नोंदीच येतील. ७ म्हणजे डीबग, ती तपासणीपुरतीच. आणि एनटीपी (घड्याळ जुळवून ठेवणारी सेवा) लावा. घड्याळ चुकले, तर स्विचची नोंद आणि सर्व्हरची नोंद एकाच घटनेची आहे की नाही, हे ठरवता येत नाही.