आधी विहिरीला विचार

प्रिय बाय,

पावण्यांना ठेवायला तू बांधणार आहेस त्या घराचा नकाशा मोबाईलवर आला. रात्री चष्मा लावून दोनदा बघितला. आठ खोल्या, मागच्या मांगराच्या जागी पोहण्याचा तलाव, पुढच्या अंगणात, खळ्यात, गाड्या लावायला जागा. पुण्यातली नोकरी सोडून देवबागला परत यायचं म्हणतेस, त्याचा मला किती आनंद झालाय ते लिहून सांगता येणार नाही. म्हणूनच नकाशात जे दिसलं नाही ते आधी विचारते. विहीर कुठे आहे?

देवबाग म्हणजे मालवणजवळचा वाळूचा पट्टा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. पावसाचं गोडं पाणी ह्या वाळूत झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं राहतं. रहाटाने, कळशीने काढलं तेव्हा ते पिढ्यान्‌पिढ्या पुरलं. पंप लावून दिवसभर ओढलं की साय संपते आणि खालचं खारं वर चढतं. मग पुढचा पाऊस चांगला झाला तरी विहीर पहिल्यासारखी होईलच असं नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. निवास-न्याहारी योजनेत नाव घातलं तेव्हा मला दोनच खोल्या होत्या. चांगलं चाललं, दोनाच्या चार केल्या. नाताळात सगळ्या भरल्या की हजार लिटरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागे. पावणे समुद्रातून येत, अंगाची वाळू जाईपर्यंत शॉवरखाली उभे राहत. त्यांचं काय चुकलं? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायची मला लाज वाटत होती. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पाणी मचूळ लागायला लागलं. माझंच नव्हे, शेजारच्या म्हातारीचंही. ती कळशी घेऊन माझ्या पायरीशी आली आणि म्हणाली, "तुझ्या पावण्यांनी आमची बाव खारी केल्यानी." भांडली नाही, कळशी तिथेच ठेवून गेली. त्या वर्षीच्या कमाईचा हिशेब मांडताना ती कळशी कुठल्या रकान्यात लिहायची, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी न्हाणीत बादली ठेवली. प्रत्येक पावण्याला विहिरीपाशी नेते, पाणी कुठून येतं ते सांगते. लोक ऐकतात, बाय. सिंधुदुर्ग किल्ला बघायला जातात तेव्हा दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघून थक्क होतात, चहूबाजूंनी समुद्र आणि मधे गोडं पाणी! मी म्हणते, तीच करामत आमच्या परसात आहे, ती सांभाळायला मदत करा. तेव्हा पोहण्याचा तलाव नकाशातून आजच काढ. समोर अख्खा अरबी समुद्र आहे. आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून जमेल तितका लांब ने, शेजाऱ्यांच्या विहिरी कुठे आहेत तेही बघून. वाळू घाण धरून ठेवत नाही. भरतीरेषेपासून किती आत बांधता येतं तेही लेखी विचारून घे. १९९१ पासून किनाऱ्यासाठी कायदा आहे. "सगळेच बांधतात" हे उत्तर धरून चालू नकोस.

पर्यटनाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. आमच्या लहानपणी घरातला पुरुष म्हणजे मुंबईला. गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमानी घरी, बाकीचे दिवस मनिऑर्डर. १९८२ चा गिरणी संप झाला आणि कितीतरी घरांत पोस्टमन यायचा थांबला. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ ला कोकण रेल्वे सुरू झाली, आणि कुडाळला उतरून माणसं आमच्या दारात यायला लागली. आज माझा भाचा स्कुबाच्या बोटीवर आहे आणि रोज रात्री आईच्या हातचं जेवतो. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पण आलेला पैसा गावात किती वेळ थांबतो ते बघायला शीक. पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या, पनीर बाहेरचं, कोंबडी बाहेरची, बुकिंगवाल्या कंपनीचं कमिशन वेगळं, म्हणजे पावण्याने दिलेली नोट तुझ्या हाताला लागून तशीच घाटावर परत गेली. त्याच ताटात वाडीतल्या बाईने दिलेले बांगडे, आपला नारळ, शेजारणीने सुकवलेली सोलं आणि उकडा तांदूळ असला तर ती नोट चार घरं फिरते. मसाला कुटायला, कपडे धुवायला बायका वाडीतल्याच घे आणि मजुरी वेळेवर दे.

कर्जाचंही ऐक. हंगाम म्हणजे दिवाळी, नाताळ, मे महिना आणि मधले शनिवार-रविवार. जूनपासून चार महिने समुद्र खवळलेला, बोटी शाकारलेल्या. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने. आठ खोल्यांच्या हप्त्यापोटीच माणसं शेवटी बाहेरच्या पार्टीला घर लीजवर देतात. एका ओळखीच्या घरात मी हे पाहिलं आहे. ज्याचे माड त्यालाच गेटवर रखवालदार ठेवलंय. दोन खोल्यांनी सुरुवात कर. तीन हंगाम बघ.

आता मासे. ह्यावर मी जरा जास्तच बोलते, पण बोलू दे. पावण्यांना सुरमई किंवा पापलेटच लागतं, कारण त्यांना तीच नावं माहीत आहेत. मग सुरमई मोठी मिळेनाशी झाली की ताटात वीतभर लांबीची अख्खी तळून येते. ते पिल्लू आहे गं, एकदाही अंडी न घातलेलं. इसवण, म्हणजे मोठी सुरमई, आपल्याकडे कशी तुकडे करून वाटली जायची ते तुझ्या आजीला विचार. असलं पिल्लू दारात आलं तर घेऊ नकोस. पावण्यांना पेडवे घाल, सौंदाळे घाल, तिसऱ्यांचं सुकं घाल, नावं सांग, काटे कसे काढायचे ते शेजारी बसून दाखव. एकदा खाल्लं की पुढच्या वेळी तेच मागतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा पावसाला आलेल्या माणसांना कुळथाची पिठी, सुका बांगडा आणि फणसाची भाजी वाढ.

रापण, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं ते मोठं जाळं, ओढताना बघितली आहेस तू. दोरीला हात लावेल त्याला वाटा, अशी आपली रीत. तिला मोकळी पुळण, वाळूचा किनारा, लागते. आता त्याच पुळणीवर खुर्च्या, छत्र्या, वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी. रापणकर आणि बोटवाले एकाच वाडीतले, कधी एकाच घरातले, आणि सकाळी सकाळी जागेवरून वाद. तुझ्या खुर्च्या पुळणीवर मांडू नकोस, खळ्यातच ठेव.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे बोटीत बसणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना माहीत नसतं. पावण्यांना बोटीवर पाठवशील तेव्हा नांगर प्रवाळावर टाकणाऱ्या आणि माशांना पाव चारणाऱ्या माणसाकडे पाठवू नकोस, मग तो दोनशे रुपये कमी घेत असला तरी. लाइफ जॅकेट नसलेल्या बोटीत तर मुळीच नको.

एक चूक मी केली ती तू करू नकोस. मुंबईच्या एका ग्रुपला दशावतार बघायचा होता, आणि "अर्ध्या तासात बसवा" म्हणाले. मी ओळखीच्या कलाकारांना खळ्यात बोलावलं. गणपती आला, संकासुर आला, विष्णूशी लढला, फोटो झाले, जेवण वाढलं. पायपेटीवाले म्हातारे जाताना पैसे घेऊन इतकंच म्हणाले, "आख्यान ऱ्हवला." म्हणजे मुख्य कथाच राहून गेली. त्या रात्री मला झोप आली नाही. जत्रेत पहाटेपर्यंत चालणारं नाटक, लिहिलेली संहिता नाही, रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचणारी माणसं, आणि मी त्यांना चटणीसारखं ताटाच्या कडेला वाढलं होतं. तेव्हापासून पावण्यांना मी जत्रेलाच घेऊन जाते. जमिनीवर बसायचं, फ्लॅश मारायचा नाही, कंटाळा आला तर गुपचूप उठायचं. बरेच जण पहाटेपर्यंत बसतात.

आचऱ्याची गावपळण तुला ठाऊकच आहे. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जातो, तीन रात्री घरांत दिवा नाही. "येवा, कोकण आपलाच आसा" हे आपण प्रत्येक पाटीवर लिहितो, आणि ते खरंच आहे, पण असे दिवसही आपलेच आहेत. तेव्हा बुकिंग घ्यायचं नसतं, कितीही पैसे देऊ केले तरी.

जमलं तर मार्चमध्ये वेळासला जाऊन ये, मंडणगड तालुक्यात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथल्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखली. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, घरचं शाकाहारी जेवतात. पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून किनाऱ्यावर झगमगाट चालत नाही. एकदा वेंगुर्ल्यालाही जा, मांडवी खाडीत उतर. तिथे स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवन दाखवतात, त्यांच्याशी निवांत बोल. हिशेब कसा ठेवतात, भांडणं कशी मिटवतात, सगळं विचार.

गवंड्याला अजून आगाऊ पैसे दिले नसशील अशी आशा आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात विहिरी तळाला जातात, तेव्हा मी देवबागला येते. तुझ्या विहिरीचं आणि आजूबाजूच्या दोन-तीन विहिरींचं पाणी चाखून बघू, मग नकाशा खळ्यात पसरून बसू. आईला सांग, जेवायला पेडव्यांचं तिखलं कर, तिरफळं मी आणते.

तुझी,
काकी
तारकर्ली